दोनशे बारा फाइली आणि एक रकाना

"यार, आज परत शामला काकू फोल्डर घेऊन बसणार. दो घंटे गए समझो."

हे वाक्य माझ्या उजव्या कानात पडलं. अगदी कानातच, कारण इअरफोन घातलेले होते आणि उत्कर्षला वाटत होतं की त्याचा माईक बंद आहे. तो हैदराबादला आपल्या खोलीत, बहुधा खोलीतल्या मित्राला सांगत होता. मी ग्वाल्हेरला, थाटीपुरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलाशी. समोर लॅपटॉप, बाजूला निवडायची गवार.

"उत्कर्ष," मी म्हटलं, "तुझा माईक चालू आहे रे."

पलीकडे काहीतरी खाली पडलं.

"काकू, सॉरी, वो मैं... म्हणजे मी दुसऱ्या काकूंबद्दल..."

"दुसरी शामला काकू पण फोल्डर घेऊन बसते? मग तिला पण बोलव. दोघी मिळून लवकर आटपू."

पडद्यावरच्या नऊ चौकटींपैकी पाच हसल्या आणि चौघांनी पटकन कॅमेरे बंद केले. तेही हसतच असणार.

आमच्या या उद्योगाचं नाव 'हकदार'. मालक कुणी नाही, पगार कुणाला नाही, ज्याला वाटेल त्यानं यावं आणि हातभार लावावा. सरकारी योजनांची माहिती गोळा करायची आणि प्रत्येक योजनेची एक फाइल करायची. फाइल म्हणजे फार काही नाही, एक लांबलचक टाचण: योजना कोणासाठी, वय किती हवं, कागद कोणते, अर्ज कुठे द्यायचा. या फाइलींच्या जिवावर इंटरनेटवर एक पान चालतं. तिथे माणसानं सात प्रश्नांची उत्तरं द्यायची, की पान सांगतं, तुम्ही या योजनांना पात्र, त्या योजनांना अपात्र. फाइलीत बदल कुणीही सुचवू शकतो, पण दुसऱ्या कुणी नजरेखालून घालून होकार दिल्याशिवाय तो आत जात नाही. शिवाय कोणती ओळ कुणी, कोणत्या दिवशी लिहिली हे कायमचं नोंदलेलं राहतं. सासरी असंच असतं, त्यामुळे ही पद्धत शिकायला मला जड गेलं नाही.

बाकी सगळं मात्र जड गेलं. मी कॉम्प्युटर कुठे शिकलेले नाही. मुलगी नोकरीला बाहेर पडली तेव्हा जुना लॅपटॉप घरी टाकून गेली, आणि तेव्हाच कॉलनीत रेशनकार्डाला मोबाईल जोडायची धांदल उडाली. एकीचं करून दिलं, दुसरी आली. मग कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र. पुढचं सगळं फुकटच्या व्हिडिओंवरून उचललं, थांबवून थांबवून, वहीत लिहून घेऊन. सेहेचाळीसाव्या वर्षी सुरुवात केली, आता एक्कावन्न संपतंय.

माझं म्हणणं साधं होतं. मध्य प्रदेशच्या दोनशे बारा फाइली आम्ही खात्याप्रमाणे फोल्डर करून लावल्या होत्या. हे श्रम खातं, हे महिला-बाल विकास, हे सामाजिक न्याय. आणि माझ्या टेबलाशी येणारी कुठलीही बाई 'मला श्रम खात्यातलं काही दाखवा' असं म्हणत नाही. ती म्हणते, नवरा गेला. मुलगी बारावी झाली. हात मशीनमध्ये सापडला.

"अरे, दाल बाजारातला व्यापारी डाळी कोणत्या ट्रकमधून आल्या तशा मांडतो का?" मी म्हटलं. "गिऱ्हाईक काय मागतं तशा मांडतो. खातं म्हणजे आपला ट्रक आहे."

"काकू, मान्य. पण एक फाइल हलवली की तिला जोडलेलं सगळं तुटतं. दोनशे बारा हलवणार कोण?"

"मी."

"कब?"

"दहा ते एक. स्वयंपाक झाल्यावर."

"और टेस्ट?"

टेस्ट म्हणजे यंत्र प्रत्येक फाइल तपासून बघतं. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर लाल. "एक भी लाल राहिली तर जुनंच ठेवायचं," उत्कर्ष म्हणाला. "डन?"

"डन," मी म्हटलं, आणि गवार पुढे ओढली.

आता घरातली माणसं सांगते, कारण त्यांच्यावाचून पुढचं काही घडलंच नसतं.

माझे यजमान माधवराव. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कमी बोलणारा सरकारी माणूस. सासूबाई, म्हणजे आई. वय अठ्ठ्याहत्तर, कान तरणे. आणि माझी धाकटी जाऊ कुसुम. कुसुम मुरारच्या एका नर्सिंग होममध्ये आया आहे. कागदावर आया. खरं तर एखादी नवी नर्स गडबडली की पहिली हाक 'कुसुमताई' अशीच जाते. डॉक्टरीणबाई तिला दर सहा महिन्यांनी म्हणतात, कुसुम, तू नर्सिंगचं शिक्षण घे बाई, मी आज ठेवून घेते. कुसुम बारावी सायन्स पास आहे. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात तिच्या माहेरी तो कागद फ्रेम करून लावला होता.

आणि कुसुमचा नवरा, माझा दीर राघव. राघव बाहेर असतो.

हे वाक्य आमच्या घरात अकरा वर्षं चालत आलंय. राघव नोकरीसाठी सुरतेला गेला, सहा महिने फोन आले, मग येईनासे झाले. 'राघव सध्या बाहेर असतो.' पुढे 'सध्या' गळलं. नात्यातल्या एकानं सात वर्षांपूर्वी त्याला तिकडे पाहिलं, बायको आणि लहान मुलासकट. त्यानं ते फूलबागेत एका बाकावर बसून माधवरावांना सांगितलं, त्यांनी घरी येऊन मला सांगितलं, आणि आम्ही दोघांनी ठरवलं की आईंना आणि कुसुमला कळता कामा नये. ठरवलं म्हणजे काय, दोघंही गप्प बसलो. आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की उरलेल्यांना नाही.

चैत्रात हळदीकुंकू असलं की ग्वाल्हेरच्या सगळ्या मराठी घरांतून कुसुमला बोलावणं येतं. नवरात्रात सवाष्ण म्हणून जेवायला तिला दोन-तीन घरं तरी असतात. ती जाते, ओटी घेते, येते. आल्यावर साडी बदलते आणि कामावर जाते. तिनं कधी तोंडातून एक शब्द काढला नाही, आणि आम्हीही तिला काही विचारलं नाही. याला आम्ही तिचं मन राखणं म्हणत होतो.

तर, फाइली.

मी आधी कागदावर केलं. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापल्या, दोनशे बारा योजनांची नावं लिहिली, आणि आईंच्या दिवाणावर पापड वाळत घालावेत तशा मांडल्या. 'मूल झालं.' 'शिकायचंय.' 'माणूस गेलं.' 'अपघात.' 'म्हातारपण.' पंख्यानं उडू नयेत म्हणून आईंनी एका ढिगावर चष्म्याचं घर ठेवलं, एकावर अडकित्ता, एकावर जपमाळ.

"शामला, ही प्रसूतीवाली चिठ्ठी लग्नाच्या ढिगात कशी गं?"

"पडली असेल, आई."

"तुमच्या त्या मशीनला कळलं असतं का हे?"

"नसतं."

"मग?" आई म्हणाल्या आणि स्वतःवर खूश होऊन चिठ्ठी योग्य ढिगात सरकवली. त्या दिवसापासून दहा वाजले की त्याच हाक मारायला लागल्या: "चल गं, आपलं ऑफिस."

चिठ्ठ्यांप्रमाणे मग खऱ्या फाइली हलवायच्या. पण नुसत्या हलवल्या नाहीत. प्रत्येक फाइल उघडायची, तिच्यासमोर सरकारचा मूळ कागद उघडायचा, आणि ओळ न् ओळ ताडून बघायची. कोठी आवरायला काढली की डबा पुसूनच परत ठेवतो ना आपण, तसं.

बाराव्या दिवशी एक फाइल उघडली. एकट्या स्त्रियांसाठी मोफत प्रशिक्षण, त्यात दोन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम. सर्वसाधारण वयोमर्यादा तीस. मूळ कागदात पुढे लिहिलं होतं: विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता यांना पंचेचाळीसपर्यंत सूट.

आमच्या फाइलीत होतं: विधवा, घटस्फोटित.

मी दोनदा वाचलं. परित्यक्ता म्हणजे नवऱ्यानं टाकलेली. तो शब्द आमच्या फाइलीत नव्हताच. मग दुसरी एक फाइल उघडली, तिसरी उघडली. एकतीस योजनांच्या मूळ कागदांत तो शब्द होता आणि आमच्या एकतीसही फाइलींत नव्हता. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात आम्ही चारच पर्याय ठेवले होते: अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. टाकलेल्या बाईनं काय निवडायचं? ती 'विवाहित' निवडणार. आणि पान तिला सांगणार: अपात्र.

कुठल्या शहाण्याचं हे काम, म्हणून मी ती ओळ कुणी लिहिली ते काढलं. यंत्रानं भीड न बाळगता सांगितलं. शामला. सव्वादोन वर्षांपूर्वीचा मंगळवार.

मला तो मंगळवार आठवला. हा साचा मीच पहिल्यांदा तयार केला होता आणि इतरांनी त्यावरून बाकीच्या फाइली उतरवल्या होत्या. मी पाचवा पर्याय लिहिला होता. समोर कुसुम बसली होती, दुपारच्या पाळीला जायच्या आधी मटार सोलत. 'काय लिहिताय वहिनी?' म्हणून ती स्क्रीनकडे वाकली, आणि मी तो शब्द खोडला. ती आत गेल्यावर परत लिहिता आला असता. नाही लिहिला. मनाला सांगितलं, टाकलेली असली तरी बाई कायद्यानं विवाहितच ना, येईल त्यात.

म्हणजे नजरचूक नव्हती. भीड होती. माझ्या एकटीच्या घरातली भीड मी एकतीस फाइलींत भरली, आणि सव्वादोन वर्षं कुठल्या कुठल्या गावच्या बायका ते पान बघून, बरं, आपलं काही नाही, म्हणून फोन ठेवत राहिल्या. किती, ते कधीच कळणार नाही. आम्ही कुणाचं नाव नोंदवत नाही.

मी लॅपटॉप मिटला. आई म्हणाल्या, "काय गं, एवढ्यात ऑफिस सुटलं?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. हकदारमध्ये चूक सापडली की ती उघड नोंदवायची असते. मी हिंदीत लिहिलं: एकतीस फाइलींत एक पर्याय नाही. तो मी काढला होता. चुकून नाही, संकोचानं. दुरुस्ती मीच करते आहे.

पाच मिनिटांत उत्कर्षचा फोन. "काकू, इतना सब लिहायची गरज नव्हती. 'मिसिंग व्हॅल्यू' लिहून सोडून द्यायचं."

"व्हॅल्यू आपोआप नाही रे हरवली. मी हरवली."

त्यानं ती जुनी नोंद उघडली. मग म्हणाला, "मैंने ही तो होकार दिया था उस पर. माझं पण नाव आहे तिथे. मला पण दिसलं नाही."

पर्याय घालणं सोपं होतं. अडचण पानावरच्या प्रश्नाची होती. बाईला विचारायचं कसं? 'क्या आप परित्यक्ता हैं?' असं विचारलं तर कोण हो म्हणेल? सगळ्यांनी सूचना पाठवल्या. चौदा आल्या. 'क्या आपकी पारिवारिक परिस्थिति विशेष है?' 'क्या आप स्वतंत्र रूप से रहती हैं?' एकानं तर लिहिलं, 'क्या आप अपनी वैवाहिक यात्रा में अकेली हैं?' देशभरातली हुशार पोरं, आणि एकालाही सरळ लिहिता येईना. मग मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी मी लिहिलं, 'क्या पति आपके साथ रहते हैं?' आणि खुर्चीत मागे टेकले.

"असं नका विचारू."

कुसुम मागे उभी होती, हातात डबा, ओढणी खांद्यावर, कामावर निघालेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. या वेळी मी काही खोडलं नाही.

"मग कसं विचारू?"

"साथ रहते हैं विचारलं तर मुरार छावणीतल्या निम्म्या फौजींच्या बायका नाही म्हणतील. त्यांचे नवरे काय टाकून गेलेत?" तिनं डबा टेबलावर ठेवला. "तीन गोष्टी विचारा. घरात काही देतो का. आजारी पडलात तर विचारतो का. आणि येणार म्हणून एवढ्यात कधी सांगितलं का. तिन्हीला नाही आलं, की झालं. शब्द लिहायची गरजच नाही. बाईला आपोआप कळतं."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती घड्याळाकडे बघत होती.

"लिहा की वहिनी, माझी गाडी जाईल."

मी लिहिलं, तिच्याच शब्दांत. मग खुर्ची सरकवून म्हटलं, "तपासून बघायला कुणीतरी लागतं. तू भर."

ती उभ्याउभ्याच भरायला लागली. वय चव्वेचाळीस. शिक्षण बारावी. देतो का, नाही. विचारतो का, नाही. तिसऱ्या प्रश्नाला बोट जरा थांबलं, मग तेही दाबलं. पान क्षणभर फिरलं आणि हिरवं झालं. नर्सिंग प्रशिक्षण, दोन वर्षं: पात्र. अर्जाची शेवटची तारीख एप्रिलअखेर.

"पंचेचाळीसपर्यंत," कुसुम म्हणाली. "डिसेंबरात मला पंचेचाळीस पूर्ण होतील."

"म्हणजे हेच वर्ष."

"हेच." तिनं डबा उचलला. दारापर्यंत गेली आणि वळली. "कागदांत काय लिहिलंय खाली? पतीच्या घरच्यांपैकी एकाचा जबाब, आणि पाच शेजाऱ्यांच्या सह्या. वहिनी, मी आईंपुढे हे नाही बोलू शकणार. शिकायला नाही मिळालं तरी चालेल. त्या म्हातारीला मी नाही सांगणार."

आई आतल्या खोलीत होत्या. पोथी वाचत होत्या, असं मला वाटत होतं.

अठराव्या दिवशी मी माझं सगळं काम पाठवलं. दोनशे बारा फाइली नव्या मांडणीत, पाचवा पर्याय, नवे तीन प्रश्न. कॉलवर सगळे जमले. माझ्यामागे दिवाणावर आई, शेजारी रजा काढलेली कुसुम, आणि दारात पेपर उभा धरून न वाचणारे माधवराव. यंत्रानं तपासायला सुरुवात केली. हिरवी, हिरवी, हिरवी. उत्कर्ष मोजत होता, "एक सौ नब्बे... दो सौ... दो सौ ग्यारह..."

आणि एक लाल.

"कोणती?" मी विचारलं, पण मला माहीत होतं. नर्सिंगचीच.

उत्कर्ष फाइल उघडून बघत होता. मग तो हसायला लागला. "काकू! वय मराठीत लिहिलंय तुम्ही. देवनागरी आकडे. मशीनला पंचेचाळीस कळेना!"

कितीतरी वर्षं वहीत लिहिणारा हात, गेला असेल सवयीनं. मी दोन आकडे बदलले. दोनशे बारा. सगळ्या हिरव्या. नऊच्या नऊ कॅमेरे चालू झाले, टाळ्या वाजायला लागल्या, आणि माझ्यामागे आईंनी विचारलं, "काय झालं? पास झालो का आपण?"

"पास, आई."

"पहिल्या वर्गात?"

"आजी, डिस्टिंक्शन!" उत्कर्ष ओरडला. मग घसा साफ करून म्हणाला, "और एक बात. आजपासून मध्य प्रदेशच्या फाइलींना होकार द्यायचा अधिकार काकूंकडे. फोल्डरचं आमचं रडणं आता त्यांनी ऐकायचं."

आठवड्यात राजस्थानच्या मुलांनी आमची मांडणी उचलली, मग छत्तीसगडच्या. प्रश्न तेच तीन. कुठल्या तरी गावातून एका बाईनं पानाखालच्या जागेत एवढंच लिहिलं: 'पहली बार हाँ आया.' मी ते कुसुमला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं, फोन परत दिला, आणि भांडी घासायला गेली. त्या दिवशी तिनं कढई इतकी घासली की आम्हाला तिचा खरा रंग कळला.

अर्जही भरला. मीच भरला, ती नाही म्हणत असताना. ओरडेल असं वाटलं होतं, पण तिनं फोटो काढून आणून दिला. नवा, स्टुडिओतला. केस नीट बसवलेले.

राहिला जबाब आणि शेजाऱ्यांच्या सह्या. ते घ्यायला वॉर्ड कार्यालयातून माणूस येणार होता, आणि आला तो नेमका आमच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी. घरात कॉलनीतल्या आठ-दहा बायका, कूलर घरघरतोय, पातेलंभर आंब्याची डाळ आणि पन्हं. दारात संग्रामसिंह, काखेत रजिस्टर.

मी मनातल्या मनात हात टेकले. तो आला म्हणून नव्हे, तो संग्रामसिंह होता म्हणून. दुसरा कुणी कारकून असता तर दोन मिनिटांत 'पति कहाँ है, छोड़ गया?' विचारून, लिहून, सही घेऊन मोकळा झाला असता. संग्रामसिंह आपला माणूस. लष्कर भागातल्या जुन्या मराठा घरातला. गेल्या नवरात्रात कुसुम त्याच्या घरी सवाष्ण म्हणून जेवली होती, त्याच्या बायकोनं तिचे पाय धुतले होते. तो कसा विचारणार?

"या, संग्रामसिंह," माधवराव म्हणाले. "डाळ घ्या."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. वाटी घेतली. डाळीचं कौतुक झालं. कैरी यंदा महाग आहे यावर एकमत झालं. मग त्यानं रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं.

"म्हणजे फॉर्मॅलिटीच आहे," तो म्हणाला. "राघवराव... सध्या कुठं असतात?"

आठ-दहा बायकांनी आपापल्या वाटीत बघितलं. जशी काही डाळीत बारीक अक्षरं लिहिली होती.

"बाहेर असतो," माधवराव म्हणाले.

"बाहेर. अच्छा." त्यानं काही लिहिलं नाही. "बाहेर म्हणजे, नोकरीनिमित्त?"

"गेला होता नोकरीनिमित्त."

"आणि मग?"

"मग... बाहेरच."

"वहिनी?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत अशी विनवणी होती की मी तरी काही बोलून त्याला सोडवावं. एकतीस फाइलींत मी तो शब्द घातला होता. तीन राज्यांत घातला होता. आणि माझ्या स्वतःच्या बैठकीत, माझ्या स्वतःच्या डाळीच्या पातेल्यामागे उभी राहून, मी नुसती डाळ ढवळत राहिले. बोलले असते तर कुसुमनं जिच्यासाठी अकरा वर्षं तोंड शिवून ठेवलं तिच्यासमोर बोलले असते.

कुसुम स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात पन्ह्याचे पेले भरलेलं ताट. तिनं हळूच मान हलवली. नको.

"कसंय माधवराव," संग्रामसिंह रजिस्टर मिटू लागला, "एवढ्या जणींपुढे नको. मी 'माहिती अप्राप्त' असं लिहितो. पुढच्या वर्षी परत..."

"पुढच्या वर्षी तिचं वय निघून जातं," आई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. आई गौरीशेजारी पाटावर बसल्या होत्या, हातात हळदीकुंकवाचा करंडा. त्यांनी तो खाली ठेवला, भिंतीला हात लावून उठल्या, आणि संग्रामसिंहाच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. तो धडपडत उभा राहिला.

"बस. तुला लिहायचंय."

"काकू, तुम्ही कशाला..."

"पतीच्या घरचं माणूस पाहिजे ना? माझ्याहून घरचं कोण आहे त्याचं?" त्यांनी मागे न बघता हात केला. "कुसुम, इकडे ये."

कुसुम ताट घेऊनच आली. शेजारच्या विजयाबाईंनी उठून ते ताट तिच्या हातातून काढून घेतलं. आईंनी तिचा मोकळा झालेला हात आपल्या हातात धरला.

"उघड ते," आई संग्रामसिंहाला म्हणाल्या. "आणि नीट लिही, खाडाखोड नको. माझ्या राघवनं हिला टाकलंय. अकरा वर्षं झाली. तिकडे त्याचं दुसरं घर आहे, मूल आहे, मला माहिती आहे. हिचा काही दोष नाही. हे मी, त्याची आई, सांगते आहे."